नको असलेली मासळी : कोकण किनाऱ्यावरील आनुषंगिक पकडीच्या इतिहासाची काही पाने

नाशिक जिल्ह्यातील हरसूल हे गाव सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात वसलेले आहे. त्या परिसरातील पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळते. हा भौगोलिक संबंध सोडला, तर या भागाचे समुद्राशी असलेले नाते मुख्यतः सुक्या मासळीचे आहे. या पट्ट्यातील आठवडी बाजारांत बोंबील, मांदेली, सुकट यांचे ढीग मांडलेले असतात, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी ते आवर्जून खरेदी केले जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ढिगाकडे एक कागदपत्र म्हणून पाहावयास हरकत नाही. सुकटीची एक ओंजळ निवडावयास घेतली, तर तिच्यात जवळ्याखेरीज बोटाच्या पेराएवढी माशांची पिले, बारकी कोळंबी, खेकड्यांच्या नांग्या असा कितीतरी माल सापडतो. जाळे जवळ्यासाठी लावले होते. परंतु जाळ्याने जे घेतले ते जवळ्याहून पुष्कळ अधिक होते.

मासेमारीच्या शास्त्रात या अधिकच्या पकडीस ‘आनुषंगिक पकड’ म्हणता येईल. हा शब्द पंडिती आहे, आणि बंदरावर कोणी तो उच्चारीत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची गल्लत झाल्याने या विषयावरील पुष्कळशी चर्चा निष्फळ झाली आहे. एक, खाण्याजोग्या माशांची पिले व किरकोळ मासळी. दोन, कासव, डॉल्फिन, बहिरी मुशी, करवत मासा यांसारखे प्राणी, की ज्यांची संख्या घटली आहे आणि ज्यांना कायद्याचे संरक्षण आहे. पहिल्या प्रकाराचा प्रश्न जाळ्याच्या छिद्राने बऱ्याच अंशी सुटू शकतो. दुसऱ्या प्रकारात मात्र जाळ्याइतकाच प्रश्न माणसाचा आहे : जाळ्यात काय सापडले हे तो ओळखतो काय, त्याला काय म्हणतो, आणि सापडल्याचे दुसऱ्यास सांगण्याचे धैर्य त्याला होते काय. आनुषंगिक पकड कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा म्हणूनच जाळ्यांचा व नावांचा मिळून एकच इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम जाळ्याविषयी. कोणतेही जाळे ही एक निवड असते. सह्याद्रीच्या ओढ्यांत चढणीच्या माशांसाठी लावल्या जाणाऱ्या बांबूच्या सापळ्यात दोन कामट्यांमधील फट जेवढी, तेवढ्याहून बारीक मासा निसटतो. फट किती ठेवावी हे विणणाराच्या हाती असते. समुद्रातील जाळ्यात हीच गोष्ट ‘आस’ या शब्दाने सांगितली जाते. आस म्हणजे जाळ्याचे छिद्र. उत्तर कोकणातील डोल हे जाळे या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते एका भल्यामोठ्या शंकूच्या आकाराचे असून भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना वा नांगरांना बांधून ठेवतात. ते ओढावयाचे नसते; प्रवाहच मासळी आत आणून टाकतो. तोंडाशी आस मोठा, आणि शेपटाकडील खोळीत तो अगदी बारीक. बोंबील, जवळा व कोळंबी ही या जाळ्याची मुख्य मासळी. प्रवाह जे आणील ते घ्यावयाचे, असा त्याचा स्वभाव असल्याने डोलीत आनुषंगिक पकड ही मुळापासूनच होती. जुनी मासेमारी निरुपद्रवी व नवी तेवढी घातक, असे चित्र पुष्कळदा रंगविले जाते. ते या एका जाळ्याच्या रचनेवरूनच टिकत नाही.

मग जुन्या व्यवस्थेत फरक तो कोणता होता? त्याचे उत्तर ‘कुटा’ या शब्दात थोडेबहुत सापडते. मुख्य मासळी निवडून घेतल्यावर उरणारा बारीकसारीक, मिसळीचा माल तो कुटा. ‘कुटणे’ या धातूशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे बरे नव्हे. शब्दाचा व्यवहार मात्र स्पष्ट आहे. कुटा वाळवून नारळी-पोफळीच्या बागांना व भाजीमळ्यांना खत म्हणून घातला जाई. त्यातील खाण्याजोगा भाग वेगळा काढून गरिबाघरी जाई. म्हणजे कुटा हा हलका माल होता, टाकाऊ माल नव्हता. त्याला नाव होते, गिऱ्हाईक होते आणि जागा होती. पुढे यांत्रिक नौकांच्या काळात हाच माल मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांकडे वळला, आणि ज्याला पूर्वी टोपलीभर मागणी होती त्याला वाहनभर मागणी आली. मागणी वाढली की ‘नको असलेली’ मासळी हवीशी होते. मग तिचा आस मोठा करावा, असे कोणास वाटावे? आनुषंगिक पकड कमी होण्याच्या मार्गातील ही अडचण तांत्रिक नसून बाजाराची आहे, आणि तिचा उल्लेख नियम करणारे फारसा करीत नाहीत.

दुसरा प्रकार, म्हणजे जे प्राणी मारू नयेत असे समाजाने वा राज्यसंस्थेने ठरविले ते, याचाही इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी आहे. तीत पक्षी आहेत, चतुष्पाद आहेत, आणि काही जलचरही आहेत : ‘अनठिकमछे’, ‘वेदवेयके’, ‘गंगापुपुटके’, ‘संकुजमछे’. यांपैकी पहिला शब्द ‘अनस्थिक मत्स्य’, म्हणजे बिनहाडाचा मासा, असा सरळ लागतो. परंतु तो कोणता, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. कोणी त्यास कोळंबी म्हणतात. कूर्चामय सांगाड्याच्या मुशी व पाकट यांनाही ते वर्णन लागू पडेल. ‘वेदवेयके’ या शब्दाचा अर्थ तर अद्यापही निश्चित झालेला नाही. त्याच लेखात चातुर्मास्याच्या तीन पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांस मासे मारू नयेत व विकू नयेत असे सांगून, त्याच दिवशी ‘नागवन’ व ‘केवटभोग’ यांतील इतर प्राणीही मारू नयेत, अशी आज्ञा आहे. केवट म्हणजे कैवर्त, मासेमार. केवटभोग म्हणजे मासेमारांच्या राखीव जलक्षेत्रांचा प्रदेश. ‘इतर प्राणी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मासे धरण्याच्या जागी मासे सोडून अन्य जीवही मरतात, हे राज्यसंस्थेच्या ध्यानात आले होते, असे यावरून म्हणता येईल.

हा स्तंभलेख महाराष्ट्रातला नव्हे, हे उघड आहे. सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या व १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला; पाचवा स्तंभलेख आपल्या किनाऱ्यावर मिळालेला नाही. तेव्हा कोकणातील मासेमारांस ही आज्ञा कोणी वाचून दाखविली होती, असे समजण्यास आधार नाही. येथे तिचा उल्लेख केला तो निराळ्या कारणाने. बावीस शतकांनंतर ती यादी आपल्यासमोर आहे, लिपी वाचता येते, व्याकरण कळते. आणि तरीही कोणता प्राणी वाचवावयाचा होता हे सांगता येत नाही. संरक्षणाची यादी ही नावांची यादी असते, आणि नाव व प्राणी यांची गाठ सुटली की यादी मुकी होते. त्या काळच्या केवटांना ती गाठ ठाऊक असेल. आजच्या कायद्याच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती आहे : यादी करणाऱ्यास प्राणी ठाऊक आहे, मासेमारास यादीतील नाव ठाऊक नाही. याचा विचार पुढे यावयाचाच आहे.

दख्खनच्या अभ्यासकास आणखी एका ग्रंथाचे स्मरण होईल. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, ज्याचा उल्लेख जुन्या मराठीच्या नमुन्यांसाठी आपण नेहमी करतो, मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे. तेथे माशांचे समुद्रातील व नदीतील, तसेच खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग पाडले असून त्यांची नावे दिली आहेत; कोणत्या माशास कोणते आमिष, हेही सांगितले आहे. तो राजाचा खेळ होता व साधन गळ होते, हे विसरता कामा नये. गळाला एक एक मासा लागतो. त्याचे नाव विचारावयास सवड असते. जाळे ती सवड देत नाही.

विसाव्या शतकात ती सवड पारच संपली. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या नौकेने मुंबईच्या समुद्रात ट्रॉल जाळे ओढून पाहणी केली. १९४६ साली मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र निघाले. १९५२ च्या करारानुसार नॉर्वेच्या साहाय्याने केरळात नींडकरा येथे प्रकल्प सुरू झाला, आणि लहान यांत्रिक नौकांनी ट्रॉल ओढण्याची पद्धत पुढे दोन्ही किनाऱ्यांवर पसरली. याच सुमारास ताग व सूत यांच्या जागी नायलॉन आले. ते कुजत नाही, म्हणून कोळ्यांनी त्याचे स्वागत केले. आणि कुजत नाही म्हणूनच, तुटून वाहत गेलेला त्याचा तुकडा पुढे वर्षानुवर्षे प्राणी अडकवीत राहतो. डहाणूच्या उपचारकेंद्रात दर पावसाळ्यात आणल्या जाणाऱ्या कासवांपैकी कित्येकांचे वल्ह्यासारखे पाय अशा तुकड्यांच्या फासाने कापले गेलेले असतात.

ट्रॉलचे काम डोलीच्या उलट चालते. तेथे मासळी जाळ्याकडे येते. येथे जाळे मासळीकडे, किंबहुना तळावर जे असेल त्या सर्वांकडे जाते. कोळंबीच्या निर्यातीने या जाळ्यास मोल आणले, आणि कोळंबी लहान असल्याने खोळीचा आसही लहान राहिला. कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. जाळे तासन्‌तास पाण्याखाली ओढले जात असता त्यात सापडलेल्या कासवास वर येता येत नाही, व ते गुदमरते. त्याला मारण्याचा कोणाचाही हेतू नसतो. उलट, कूर्मावतार म्हणून जिवंत सापडलेल्या कासवास कुंकू लावून पाण्यात सोडण्याचा रिवाज कित्येक कोळी कुटुंबांत आहे. हेतू व परिणाम यांची अशी फारकत ज्या उद्योगात आहे, तेथे नीतीचे पाठ देऊन काय साधावे?

जगभर या प्रकारे किती जीव फुकट जातात याचे अंदाज वेळोवेळी झाले. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या १९९४ च्या अहवालात समुद्रात परत फेकल्या जाणाऱ्या पकडीचा अंदाज वर्षाला २ कोटी ७० लक्ष टन होता; २००५ च्या अहवालात तो ७३ लक्ष टन, आणि २०१९ च्या अहवालात ९१ लक्ष टन, म्हणजे एकूण पकडीच्या सुमारे दहा टक्के, असा आहे. पहिल्या दोन आकड्यांतील तफावतीचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीतील बदल हे आहे. दुसरे असे की आशियात पूर्वी फेकला जाणारा माल पुढे ठेवला व विकला जाऊ लागला. म्हणजे फेकणे घटले याचा अर्थ पकडणे घटले असा होत नाही. कुट्याची जी गोष्ट वर सांगितली, तीच येथे जागतिक प्रमाणावर दिसते.

कासवांसाठी जाळ्यात बदल करण्याची कल्पना अमेरिकेत निघाली, आणि तिचा उगम सरकारी प्रयोगशाळेत नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जॉर्जिया राज्यातील डॅरिएन येथील सिंकी बून या कोळंबी धरणाऱ्या मासेमाराने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जाळ्यात गजांची एक तिरपी चौकट बसविली. तिचा उद्देश जेलीफिशचे गोळे बाहेर लोटून देण्याचा होता. त्यांच्या भाराने जाळी फाटत व कोळंबी चिरडे. चौकटीच्या गजांमधून कोळंबी मागे खोळीत जाई, आणि जाडजूड वस्तू चौकटीवरून घसरत वरच्या झडपेतून बाहेर पडे. कासवही त्याच वाटेने निघते, हे कळल्यावर शासनाने तिचा पाठपुरावा केला, १९८७ साली नियम केले, आणि १९८९ च्या कायद्याने अन्य देशांतून येणाऱ्या समुद्री कोळंबीवरही तीच अट घातली. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. १२ ऑक्टोबर १९९८ च्या अपिलाच्या निर्णयात कासवांच्या रक्षणाचा हेतू ग्राह्य मानला गेला, परंतु अट निरनिराळ्या देशांस लावण्याची रीत पक्षपाती ठरली. भारतात कोचीनच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने येथील नौकांस जुळेल अशी चौकट तयार केली. तथापि तिचा वापर प्रत्यक्षात कसाबसाच झाला, आणि २०१९ साली अमेरिकेने भारतातील समुद्री कोळंबी घेण्याचे बंद केले.

मासेमारांचे म्हणणे असे होते, की झडपेतून कासवाबरोबर चांगली मासळीही जाते. या आक्षेपाची थट्टा करण्यात अर्थ नाही. बूनच्या चौकटीने त्याचे स्वतःचे नुकसान टळत होते. आपल्याकडे तीच चौकट परदेशी गिऱ्हाइकाच्या अटीच्या रूपाने आली. वस्तू तीच, परंतु एकीकडे ते अवजार होते व दुसरीकडे तो जुलूम वाटला.

आता नावांकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. समुद्री कासवे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, आणि त्यात काही घोटाळा झाला नाही. कारण ‘कासव’ या शब्दाने जो प्राणी कोळ्यास समजतो तोच कायद्यासही समजतो. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क हा त्या अनुसूचीत गेलेला पहिला मासा ठरला. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुशी व पाकट यांच्या सर्वच जातींवर बंदी आली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी विरोध केला, आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आणण्यात आली : व्हेल शार्कखेरीज मुशींच्या तीन जाती, करवत माशांच्या तीन, आणि पाकट-वर्गातील तीन. कागदावर ही यादी आटोपशीर आहे. परंतु तिच्यातील नावे इंग्रजी व लॅटिन आहेत, आणि ज्याच्यावर ती बंधनकारक आहे त्याच्या भाषेत ‘मुशी’ हा एकच शब्द कित्येक जातींस पुरतो. कायद्याने पाँडिचेरी शार्क व गंगा शार्क यांस अभय दिले. त्यांची ओळख त्यांच्या जवळच्या जातींपासून पटविण्यास दात तपासावे लागतात. पहाटेच्या अंधारात, हेलकावणाऱ्या नौकेवर, जाळे ओढणाऱ्या माणसाने दात तपासावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे काय? आणि गुन्ह्यास शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्याच्या जाळ्यात काही मोठे व अनोळखी सापडे, तो ते चुपचाप पाण्यात लोटून देई, जिवंत असो वा मेलेले. बंदरावर त्याची वाच्यता होत नसे. इतिहासाच्या दृष्टीने हा काळ मूक आहे : पकड चालू होती, परंतु तिची नोंद घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे होते. जी गोष्ट कमी करावयाची तिची मोजदादच कायद्याच्या धाकाने बंद पडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

यातून वाट निघाली ती शेजारच्या गुजरातेत, आणि भाषेच्या अभ्यासकास तिचे विशेष अगत्य वाटेल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होई. त्यास तेथे ‘बॅरल’ म्हणत. गळ मारल्यावर त्यास पिंपे बांधून दमवीत, त्यावरून हे नाव. प्राण्याचे नाव त्यास मारण्याच्या साधनावरून पडावे, हे त्या व्यवहाराचे नेमके द्योतक होते. २००४ साली वन्यजीवांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय संस्था, राज्याचे वनखाते व एक उद्योगसमूह यांनी मोहीम हाती घेतली. कथाकार मोरारी बापू यांनी लोकांपुढे अशी कल्पना मांडली, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. तिला कोण मारील? त्यास ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. पुढे सापडलेला मासा सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची सोय झाली, आणि त्या किनाऱ्यावरून शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. केवळ नाव बदलल्याने हे झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भरपाई नसती तर ‘व्हाली’ हा शब्द कथेपुरताच राहता. परंतु नुसत्या भरपाईनेही ते झाले नसते. गुन्ह्याच्या भाषेऐवजी नात्याची भाषा आल्याने मासेमारास उघडपणे बोलता आले.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने तशीच योजना आणली. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास तो सोडविताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये. पुरावा म्हणून मासेमाराने छायाचित्र वा चित्रफीत द्यावयाची. काम वनखात्याच्या कांदळवन कक्षाने व मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून पाहावयाचे. कासव, बहिरी मुशी, डॉल्फिन यांच्या सुटकेच्या बातम्या त्यानंतर कोकणातील बंदरांवरून येऊ लागल्या. (या मुशीस काही ठिकाणी ‘देवमुशी’ही म्हणतात, देवमासा हा शब्द मात्र व्हेलकरिता, आणि बातमीदारांची येथे नेहमी गल्लत होते.) माझ्या मते या योजनेचे सर्वांत मोठे फळ वाचलेल्या प्राण्यांच्या संख्येत नाही. भरपाईच्या प्रत्येक अर्जाबरोबर एक तारीख, एक ठिकाण, एक जाळे आणि एका प्राण्याचे चित्र सरकारदरबारी जमा झाले. ज्या पकडीविषयी सतरा वर्षे मौन होते, तिचे दप्तर मासेमारांनीच उभे केले. किनाऱ्यावरील प्राण्यांचा इतिहास ज्यास पुढे लिहावयाचा असेल, त्यास या अर्जांवाचून गत्यंतर राहणार नाही.

योजनेतील उणिवा सांगितल्या पाहिजेत. भरपाई जाळ्याची आहे. जाळे कापताना निसटलेल्या मासळीचे, बुडालेल्या दिवसाचे व जळालेल्या डिझेलचे काय, याचे उत्तर तीत नाही. मोठ्या जाळ्याच्या किमतीपुढे २५,००० ही रक्कम लहान आहे. गंमत अशी, की २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्याचा किमान दंडही १०,००० वरून २५,००० रुपयांवर आला. तेव्हा सोडणाऱ्यास अधिकात अधिक जे मिळते, तेवढेच पकडणाऱ्याकडून कमीत कमी वसूल व्हावयाचे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि तिने संरक्षित मुशी व पाकट यांची यादी पुष्कळ वाढविली. म्हणजे नावांचा प्रश्न दहा जातींपुरता होता, तो आता अधिकच पसरला आहे.

किनाऱ्यावरील अंड्यांच्या रक्षणाचे काम याच्या आधीपासून चालू होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास येथे ते हाती घेतले, व त्याची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. परंतु पुळणीवर जन्मलेले पिलू पाण्यात शिरले की जाळ्यांच्या राज्यात शिरते. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. तेवढ्या प्रवासात तिने किती राज्यांच्या नौकांची जाळी चुकविली असतील! एका गावाचे वा एका राज्याचे संरक्षण तिला पुरे पडावयाचे नाही.

पिलांच्या व बारीक मासळीच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा आहे. त्याखाली पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी कडक निर्बंध आले, व त्यांचे परवाने पुढे १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरले. ट्रॉलच्या खोळीस ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा, असाही नियम आहे. यातील मर्म साधे आहे. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले की ताणाने तो मिटतो, आणि मोठ्या आसाच्या जाळ्यातूनही पिलू निसटू शकत नाही. चौकोनी आस ताणाखाली उघडा राहतो. नियमाची अंमलबजावणी मात्र खोळ पाण्याबाहेर असता बंदरावर तपासता येते. पाण्यात गेल्यावर तीवर दुसरी बारीक खोळ चढविली, तर कोण पाहणार? जोवर मत्स्यचूर्णाच्या कारखान्यास पिलांचे वजन चालते, तोवर हा मोह राहणार.

या विभागातील विद्यार्थ्यांस या विषयात करण्यासारखे एक काम आहे, आणि ते प्राणिशास्त्रज्ञांकडून होणारे नव्हे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून शासनव्यवहाराचे शब्द पुष्कळ घडविले गेले. परंतु झाईपासून रेडीपर्यंतच्या बंदरांवरील जलचरांची नावे, बंदरागणिक, जाळ्यागणिक व वयागणिक, एकत्र केल्याशिवाय संरक्षणाची कोणतीही यादी कोळ्यापर्यंत पोहोचणार नाही. त्यात ‘पाकट’ व ‘वागळी’ यांच्या सीमा कोठे मिळतात, पिलास व मोठ्या माशास वेगळी नावे कोठे आहेत, मराठी, कोंकणी व मांगेली बोलणारे एकाच बंदरावर एकाच माशास काय म्हणतात, हे सारे यावे. ब्लॅनफर्डने १८८८ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथात पाठीवर पर नसलेल्या लहान शिंशुकाचे मराठी नाव ‘भुलगा’ असे नोंदविले आहे. हा प्राणी किनाऱ्यालगत वावरतो आणि वावरी जाळ्यांत अडकून मरतो. वर्तमानपत्रांत व सरकारी टिपणांत मात्र तो पुष्कळदा ‘डॉल्फिन’ या एकाच नावाखाली जातो; त्यामुळे पाठीवर पर असलेला कुबड्या डॉल्फिन किती व भुलगा किती, हे त्या नोंदींतून वेगळे काढता येत नाही.